पडद्यामागचा भाता

आमच्या गावच्या चर्चमध्ये बिशपसाहेबांसमोर ऑर्गन मध्येच बंद पडला, त्यात चूक माझी होती. दोष मात्र मी भाता मारणाऱ्या याकोबकाकांवर ढकलला आणि पुढे बावीस वर्षे तो त्यांच्यावर तसाच राहू दिला. साक्ष लिहायला बसलो आहे तर आधी एवढे कबूल करतो. हे टाळून प्रभूच्या कृपेविषयी काही सांगणे म्हणजे पुन्हा खोटे बोलणे होईल.

ते चर्च इंग्रज मिशनऱ्यांनी बांधलेले, काळ्या दगडाचे, उंच छपराचे. ऑर्गन विलायतेहून बोटीने आणि पुढे बैलगाडीने आलेला. त्याच्या काही नळ्या माणसाहून उंच, काही बोरूएवढ्या. गावात तेव्हा रोज भारनियमन, त्यामुळे भात्याची मोटर असून नसल्यासारखीच. ऑर्गनच्या बाजूला पडद्याआड एक लांब लाकडी दांडा होता. तो खालीवर केला की भात्यात हवा भरायची आणि तीच हवा नळ्यांतून गाऊ लागायची. हे काम याकोबकाका करत. एरवी ते चर्चची झाडलोट करत, घंटा वाजवत. पडद्यामुळे त्यांना मी दिसत नसे आणि मंडळीला ते दिसत नसत. म्हणून आमची एक खूण ठरलेली होती. शेवटच्या कडव्याआधी मी टाचेने फळीवर दोन ठोके द्यायचे, म्हणजे एवढे कडवे झाले की त्यांनी दांडा सोडायचा.

मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि आपण फार चांगले वाजवतो असे मला वाटत असे. बिशपसाहेब आले त्या रविवारी पांढरे झगे घातलेले आमचे गायनमंडळ कधी नव्हे इतके जमून गात होते. चारही आवाज वेगवेगळे ऐकू येत होते आणि तरी एकच वाटत होते. मी दोन ठोके दिले, शेवटचे कडवे झाले. पण पुढच्या बाकावरची माणसे माझ्याकडे वळून पाहताना दिसली आणि मला थांबवेना. सगळ्या नळ्या एकदम वाजाव्यात म्हणून मी ऑर्गनच्या सगळ्या खुंट्या ओढल्या आणि तेच कडवे पुन्हा मोठ्याने सुरू केले. काकांनी ठरल्याप्रमाणे दांडा सोडला होता. उरलीसुरली हवा त्या मोठ्या नळ्यांनी एका ओळीत पिऊन टाकली. ऑर्गन म्हशीसारखा हंबरला आणि गप्प झाला. गायनमंडळ अर्ध्या शब्दावर उघडे पडले. पडद्यामागून दांड्याची घाईघाईची करकर ऐकू आली, पण रिकामा भाता काही लगेच भरत नाही.

उपासनेनंतर अंगणात पाद्रीसाहेबांनी सगळ्यांदेखत विचारले, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काकांना डुलकी लागली असेल." लोक हसले. काका दारातच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर कित्येक महिने जो तो त्यांना विचारी, "काय काका, झोप झाली का?" पुढच्या नाताळाच्या आधीच त्यांनी भात्याचे आणि झाडलोटीचे काम सोडले, आणि हळूहळू चर्चला येणेही.

पुढे नोकरीसाठी मी सौदीत आलो. यान्बूला एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. इथे चर्च नाही. सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. एका ओळखीच्या कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये आम्ही सात-आठ जण जमतो, खिडक्या लावून घेतो आणि शेजारच्या भिंतीला कळणार नाही इतक्या हलक्या आवाजात गातो. चार आवाजांत गायचे आणि तेही कुजबुजल्यासारखे, हे फार अवघड असते. स्वतःला आवरून शेजारच्याचा श्वास ऐकावा लागतो. ऑर्गनच्या जागी माझ्याकडे एक पेटी आहे. सगळे म्हणत, तुमच्यामुळे आम्हाला गावचे चर्च आठवते. मला मात्र आतून कोरडे वाटे. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझा आवाज आपोआप खाली जाई. प्रार्थना वर पोचतच नाही, असे वाटू लागले होते. कारण मला ठाऊक होते. तरी झोपलेल्या भातेवाल्याची गोष्ट मी इथेही विनोद म्हणून सांगत असे आणि दर वेळी लोक हसत.

गेल्या ईस्टरच्या तीन आठवडे आधी शिडीवरून पाय घसरला आणि माझे डावे मनगट मोडले. प्लास्टर घातले. गाडी चालवणे बंद झाले आणि पेटीही. माझ्या शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचे बशीरभाई राहतात, एसी दुरुस्तीचे काम करतात. ते म्हणाले, "जुम्म्याची नमाज झाली की मी सोडतो तुम्हाला." वाटेत गप्पांच्या ओघात त्यांनाही मी ती गोष्ट सांगितली. ते पोटभर हसले.

फ्लॅटवर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. पेटीशिवाय चार आवाजांचा मेळ बसत नव्हता आणि भाता मारायला एखाद्याला बसवावे तर तो आवाज कमी होत होता. बशीरभाई दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "ही मागची फळी तेवढी हलवायची ना? मग मी हलवतो. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हवेचं कळतं. दिवसभर तेच तर करतो."

ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. मी उजव्या हाताने वाजवू लागलो. पहिल्या दोन ओळींतच त्यांना लय सापडली. आवाज वाढायच्या आधी त्यांचा हात भरत असे, उतरायच्या आधी हलका होत असे. मी डोळे मिटले. गीत संपले. त्यांनी हात काढून घेतला आणि कप उचलला. आणि मी, जुन्या सवयीने, कुणालाही न सांगता शेवटचे कडवे पुन्हा सुरू केले. एक सूर कण्हला आणि पेटी बंद पडली. गाणारे थबकले. सगळ्यांच्या नजरा बशीरभाईंकडे गेल्या.

"माझ्याकडं काय बघता?" ते म्हणाले. "हे थांबले म्हणून मी थांबलो. पुढं जायचं होतं तर सांगायचं ना, राव. मला काय यांच्या मनातलं दिसतं?" मग माझ्याकडे पाहून हसत म्हणाले, "आता उद्या माझ्याही नावानं सांगत फिराल, म्हातारा झोपला म्हणून."

सगळे हसले. मला हसता येईना. बावीस वर्षांपूर्वी अंगणात जे काकांनी बोलायला हवे होते आणि जे ते बोलले नाहीत, ते शब्द मला हजारो मैलांवर एका परक्या माणसाच्या तोंडून, चहाचा घोट घेता घेता ऐकू आले. त्यांनी ते थट्टेत म्हटले होते. हा चमत्कार होता का, ते मी सांगणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की मी पेटीवर डोके टेकून रडलो आणि त्या दिवशी कित्येक वर्षांनी प्रार्थना करताना समोर कुणीतरी ऐकत असल्यासारखे वाटले. मनगट मोडले नसते तर मी कुणाच्या हाताच्या हवेवर वाजवतो आहे, हे मला कधी पाहावेच लागले नसते. मी स्वतःच्या बळावर वाजवले असे एकही गीत नव्हते. हवा कायम दुसऱ्याची होती आणि त्याच्याही पलीकडे ज्याची होती, त्याला मी फक्त तोंडाने शरण गेलो होतो.

जूनमध्ये सुट्टीवर गावी गेलो. काका आता ऐंशीच्या पुढचे. मुलीच्या घरी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रिवाजाप्रमाणे "सलाम काका," म्हणालो आणि तसाच उभा राहिलो. त्यांनीच बसायला पाट सरकवला. मी सगळे सांगितले. ते लसूण सोलत राहिले.

"मला काय सांगतोस?" ते अखेरीस म्हणाले. "मी तिथंच होतो. मला ठाऊक आहे."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बिशपसाहेबांपुढं तुझी लाज गेली असती. पोरगा चांगला वाजवतोय, म्हटलं जाऊ दे." त्यांनी टरफले फुंकून टाकली आणि म्हणाले, "ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

पुढच्या रविवारी उपासनेत सूचना वाचून झाल्यावर पाद्रीसाहेबांच्या परवानगीने मी पुढे गेलो. काका मुलीच्या आधाराने आले होते, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले होते. गायनमंडळात बहुतेक नवे चेहरे होते, पण त्या दिवशी हसलेली काही माणसे अजून होती. मी म्हणालो, "ऑर्गन बंद पडला त्या दिवशी याकोबकाका जागे होते. त्यांनी त्यांचं काम बरोबर केलं. गीत संपल्याची खूण मी दिली आणि मीच पुढं वाजवत राहिलो. मग सगळ्यांदेखत खोटं बोललो, म्हणून आज सगळ्यांदेखत सांगतो. काका, तुमचं चर्च मी तुमच्याकडून हिरावून घेतलं. मला क्षमा करा."