सोपानदादांची हाक

बातमी मला फोनवर नाही, रेडिओवर कळली. रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही हौशी रेडिओवाले एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतो. कुणी साताऱ्याचा, कुणी नगरचा, कुणी कोल्हापूरचा… बसलेला असतो आपापल्या घरात, आपापल्या सेटसमोर, पण गप्पा अशा की एकाच पारावर बसलोय. त्या रविवारी मी धाराशिवहून, माहेरून, पहाटेच सांगवीला परतले होते. फोन वाटेतच बंद पडला होता, तो चार्जिंगला लावला आणि चहाचा कप घेऊन सेटसमोर बसले. साताऱ्याच्या आमच्या एका ज्येष्ठ मित्रांनी नेहमीचा नमस्कारही केला नाही. म्हणाले, "मंडळी, मोशीचे सोपानदादा काल दुपारी सायलेंट की झाले." मोर्सचा संदेश ज्या छोट्या पट्टीवर बोटांनी वाजवतात तिला 'की' म्हणतात. आमच्यातलं कुणी गेलं की ती मुकी झाली, एवढंच सांगायची पद्धत आहे. मी उठून फोन सुरू केला, तर दादांच्या पत्नीचे, इंदूवहिनींचे, सात मिस्ड कॉल.

त्याला आता दीड महिना होत आला.

सोपानदादा मला भेटले ते कंपनीच्या बसमध्ये. वीसेक वर्षं झाली असतील. निघोज्याच्या आमच्या कंपनीत मी टेलिफोन बोर्डवर होते आणि ते मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन. बस सांगवीहून निघायची, मोशीला ते चढायचे. उंच, सावळे, डोक्याला पांढरी टोपी, खिशात टेस्टर. खिडकीशी बसून सीटच्या दांड्यावर बोटानं सारखी टकटक करायचे. एकदा मी वैतागून विचारलं, "दादा, काय वाजवताय सारखं?" तर जराही न ओशाळता म्हणाले, "वाजवत न्हाई ताई, बोलतोय. त्यो समोरचा बोर्ड हाय न्हवं, त्यो वाचून दावतोय." मग त्यांनी माझ्या डब्याच्या झाकणावर माझं नाव वाजवून दाखवलं. दिवसभर कानाला हेडफोन लावून "एक मिनिट, जोडून देते" म्हणणाऱ्या मला त्या झाकणावर माझंच नाव पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

त्या बसमध्येच मी मोर्स शिकले. टिंबाला 'डि', रेघेला 'डा'. मी वहीत टिंबं-रेघा काढून पाठ करायला लागले, तर त्यांनी वही मिटून टाकली. "ह्ये डोळ्याचं काम न्हाई. कान लावा. कोंबडा आरवला तर तुमी लिहून काढता व्हय, कोंबडा हाय का न्हाई ते?" सकाळी मोशीपासून निघोज्यापर्यंत आणि संध्याकाळी परत, असं आठ महिने चाललं. बसमधले लोक हसायचे. हौशी रेडिओच्या लायसन्ससाठी सरकारी परीक्षा असते, तिच्या दिवशी माझ्या कानात दादांची टकटक होती… पास झाले. लायसन्स आलं तेव्हा पेढे मी वाटायला हवे होते, वाटले त्यांनी. सगळ्या शॉपफ्लोअरवर सांगत फिरले, "आमच्या बोर्डावरच्या ताईला आता सरकारनं कॉलसाइन दिलंय, रेडिओवरचं नाव."

दादा मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वाट्याला त्याच इमारतीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आला. तिथल्या लहान खोलीत त्यांचा सेट होता. जुन्या बाजारातून आणलेल्या सुट्या भागांचा, घरीच जोडलेला. गच्चीवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तांब्याची तार ताणलेली, तीच त्यांची अँटेना. सोसायटीत गवगवा झाला, की हा माणूस मोबाइलचा टॉवर उभारतोय, आता सगळ्यांना डोकेदुखी होणार. नोटीस आली. दादा मला म्हणाले, "ताई, ही तार हाय न्हवं, बरूबर हिच्या खाली आमची बाजरी असायची. आता तार लावायची तर अर्ज करावा लागतोय." पण त्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांनी सोसायटीच्या चेअरमनना चहाला बोलावलं. चेअरमन मूळचे नांदेडकडचे. दादांनी सेट लावला आणि तिकडच्याच एका मित्राला शोधून काढलं. खरखरीतून आवाज आला, "बोला की मालक, कोन्या गावचे म्हणायचे तुमी?" चेअरमन नोटिशीचं विसरून तासभर आपल्या गावच्या बाजाराचं, नदीचं बोलत बसले. तार राहिली.

दादांचा आवाज म्हणजे काय होता, ते ज्यांनी ऐकलं त्यांनाच कळेल. घोगरा नाही, पण भरदार. कितीही खरखर असू दे, तो वरून तरंगत यायचा. "नमस्कार मंडळी, मोशीवरनं सोपान बोलतोय," एवढं म्हटलं की आम्ही सगळे सावरून बसायचो. हा छंदच तसा आहे. कुणी आहे का, अशी हाक मारायची आणि कुणाची तरी ओ यायची वाट बघायची. दादांच्या हाकेला ओ आली नाही असं मी फारसं कधी पाहिलं नाही.

इंदूवहिनींना मात्र त्या खोलीचा राग होता. "माणसं सोडून भिताडाशी बोलत्यात," असं त्या मला चहा देताना म्हणायच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, कामाला वाघ, बोलायला सडेतोड. चाळीस वर्षांच्या संसारात त्या खोलीचा उंबरठा त्यांनी फक्त केर काढण्यापुरता ओलांडला होता.

आणि मग दादांना घशाचा कर्करोग झाला. रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ते नेहमीसारखे रेडिओवर आले, सगळ्यांची नावानिशी विचारपूस केली आणि म्हणाले, "जरा सुट्टी घेतोय मंडळी." आम्हा दोघा-तिघांनाच माहीत होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण घरी आलेले दादा वेगळेच होते. त्यांनी सेटवर चादर टाकली. मी सांगून पाहिलं, की मोर्सला कुठे आवाज लागतो? ते नुसते मान फिरवायचे. पाटीवर लिहून बोलायचे, तेही कामापुरतं. पण लिहून बोलता येतं, हाक मारता येत नाही. वहिनी स्वयंपाकघरात असल्या की पाटी कुणाला दाखवणार? म्हणून वहिनींनी पलंगाशी स्टीलचं ताट आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की दादा ताट वाजवायचे. एकदा मी तिथे असतानाच त्यांनी ते वाजवलं आणि लगेच माझ्याकडे बघितलं… इतका ओशाळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी वहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मला ती टकटक शिकवा."

"दादाच शिकवतील की वहिनी."

"त्यास्नी इचारलं तर न्हाई म्हणतील. गुरावानी ताट बडवाया लागतंय, त्याचीच लाज वाटतीया त्यास्नी. मला ठाऊक हाय."

दादा दुपारी झोपले की वहिनी शेजारच्या घरात येऊन बसायच्या आणि मी सांगवीहून बसनं जायचे. मोर्स चालतो इंग्रजी अक्षरांत, आणि ती त्यांना सातवीनंतर लागलीच नव्हती, ती आधी घोटावी लागली. त्यांना यायचं ते उशिरा यायचं, पण आलेलं जायचं नाही. पोळ्या लाटताना पोळपाटावर सराव करायच्या. साडेतीन महिने लागले. एकदा रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "ह्या वयात का मला ह्ये?" आणि डोळे पुसून पुन्हा सुरू केलं.

एका मंगळवारी सकाळी मी मुद्दाम गेले होते. दादा पलंगावर, मी समोर खुर्चीत. त्यांनी चहासाठी ताट वाजवलं. स्वयंपाकघरातून नेहमी "आले, आले" यायचं, ते आलं नाही. आली ती टकटक. ओट्याच्या कडप्प्यावर उलथन्याची, सावकाश, चाचपडत… के, ए, वाय. काय?

दादांच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली बघत राहिले. मग त्यांनी ताटावर वाजवलं, "कुणी शिकवलं?" इतक्या भरभर, की वहिनींना कळलंच नाही. त्या आतून ओरडल्या, "सावकाश वाजवा की! मी काय तुमच्यावानी परीक्षा दिलीय व्हय?" दादा हसले. आवाज नव्हता, पण खांदे गदागदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याच आठवड्यात सेटवरची चादर निघाली. पुढची दोन वर्षं दादा रोज सकाळी मोर्सवर असायचे. तिथे कुणालाच घसा लागत नव्हता. देशोदेशीचे लोक त्यांना भेटत होते आणि त्यातल्या एकालाही कळत नव्हतं, की मोशीचा हा गप्पिष्ट माणूस घरात शब्दही उच्चारू शकत नाही. घरात दोघांची टकटक चालायचीच. भाजीत मीठ कमी, पाणी गेलंय, लेकीचा फोन आलाय… आणि भांडणंही. वहिनी सांगायच्या, "जन्मात बोलले न्हाईत एवढं आता बोलत्यात." आजार उलटला तो यंदा. शेवटचे चार दिवस दवाखान्यात होते. बोटं वहिनींच्या मनगटावर. काय बोलत होते ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

गेल्या रविवारी मोशीला गेले, तेव्हा वहिनींनी एक पाकीट पुढे केलं. रेडिओवर नवीन कुणाशी बोलणं झालं की आम्ही आठवण म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतो. ती क्लबामार्फत फिरत फिरत येतात, कधी वर्ष-दोन वर्षांनी. हे फिनलंडहून आलं होतं. तळ्याकाठचं पिवळं लाकडी घर, आणि मागे हातानं लिहिलेल्या इंग्रजीत दोन ओळी. मी वहिनींना त्यांचा अर्थ सांगितला, "मित्रा, त्या सकाळी तुझ्याशी बोलून फार बरं वाटलं. माझी बायको गेल्यापासून इतका वेळ मी कुणाशी बोललो नव्हतो."

वहिनींनी कार्ड उलटून पुन्हा ते पिवळं घर बघितलं. "म्हंजी ह्येला कळलंच न्हाई, की हे बोलू शकत न्हवते?"

"नाही वहिनी. त्याच्याशी दादा बोललेच की."

त्या उठल्या, लहान खोलीत गेल्या आणि दादांचं एक कोरं कार्ड घेऊन आल्या. इंद्रायणीच्या पुलाचं चित्र असलेलं. "ह्येला उत्तर धाडायला पायजे. वाट बघत आसंल त्यो." मी लिहायला घेतलं. दादा गेल्याचं लिहिलं, कार्ड त्यांच्या बायकोच्या हाती पोचल्याचं लिहिलं, आणि सहीसाठी पेन वहिनींकडे दिलं. मला वाटलं, मराठीत नाव लिहितील. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, बोटानं हळू वाजवून पाहिलं आणि मग एकेक करून कार्डावर उमटवलं. दोन टिंबं. जरा जागा सोडून एक रेघ, एक टिंब. एक रेघ, दोन टिंबं. दोन टिंबं, एक रेघ.

मला काहीही न विचारता त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं… इंदू.