मिस्त्रींच्या कॉम्प्युटरमधला भुंगा

मिस्त्री म्हटलं की लोकांना भिंती बांधणारा आठवतो. हे मिस्त्री शिलाई मशीनचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात रांगेनं मांडलेल्या मशिनी, आणि त्यातली कुठली कण्हते, कुठली कुरकुरते, कुठली नुसतेच नखरे करते हे दारातून आत येता येता सांगणारा माणूस. त्यांचा मंत्र एकच. आवाज आला की आवळ, आवळूनही गेला नाही तर तेल सोड. एवढ्या भांडवलावर अख्खी नोकरी निभावली आणि कुणाचं वाकडं बोलणं ऐकून घ्यावं लागलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते गप्प बसतील तर शपथ. त्याच कारखान्याला भरतकामाचे नमुने कॉम्प्युटरवर काढून द्यायला लागले. वेलबुट्टी, फुलं, लहान पोरांच्या झबल्यांवरची बदकं. कॉम्प्युटर जुना होता, पण त्यांना येत असलेला नमुन्यांचा प्रोग्रॅम त्याच्यावरच चालायचा. तो डबा त्यांनी ठेवला कशावर, तर पायमशीनच्या लोखंडी स्टँडवर. मशीन कधीच निघून गेलं होतं, पण पाय, पायडल, लाकडी फळी आणि फळीखालचा खण शाबूत होता. स्क्रीनवर बदक काढताना त्यांचा पाय खाली पायडल मारत असायचा. सवय, दुसरं काय!

मिस्त्रीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ऐकण्यात मागे मागे पडत गेल्या होत्या. एकदम नाही हो, हळूहळू. आधी दाराची बेल गेली, मग फोन, मग नवऱ्याचा आवाज. तेव्हापासून घरात दोन तऱ्हेचं बोलणं झालं. एक ओरडून सांगायचं: गॅस बंद कर, दूधवाला आलाय, गोळी घेतलीस का. आणि दुसरं, जे ओरडून सांगताच येत नाही. ते मिस्त्री आपले काम करता करता पुटपुटायचे. बायको मागे भाजी निवडत बसलेली, हे पुढे स्क्रीनकडे तोंड करून बोलतायत, आणि ऐकणारं कोणी नाही.

लेक दूरच्या गावी नोकरीला गेली त्या संध्याकाळचीच गोष्ट घ्या. तिला पोचवून दोघं घरी आली. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, दिवा न लावता, देवापुढच्या समईच्या उजेडात. मिस्त्री मागे जाऊन उभे राहिले आणि एक वाक्य बोलले. बाईंनी मान वळवली नाही. ते वाक्य काही शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणण्यासारखं नव्हतं. मग मिस्त्रींनीच दिवा लावला आणि भाताला पाणी ठेवलं.

पुढे लेकीनंच हट्ट धरला आणि आईच्या कानात ऐकायचं मशीन आलं. दवाखान्यात ज्या डॉक्टरांनी ते बसवून दिलं त्यांनी बजावलं, "आजी, पहिले काही आठवडे सगळंच अंगावर येईल. तरी घालायचं. डब्यात ठेवलंत तर आवाज ओळखायची सवयच जाईल, आणि मग मशीन असून नसल्यासारखं."

घरी येताना बाईंचं काय कौतुक! स्वतःच्या चपलांचा आवाज, जिन्यावर कुणाचं तरी खोकणं, कुलपात फिरणारी किल्ली. "अहो, आपलं दार करकरतं की!" म्हणून हसल्या. आता हिच्याशी माणसासारखं बोलता येईल, असं मनाशी म्हणत मिस्त्री कामाला बसले आणि कॉम्प्युटर सुरू केला.

"हे काय?" बाई दचकल्याच.

"काय?"

"हे घोंघावतंय ते! खोलीत भुंगा शिरलाय का?"

मिस्त्रींना काही ऐकू येईना. म्हणजे येत होतं, पण कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला तो आवाज वाटतच नव्हता. बाईंनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी कानातलं काढून डब्यात घातलं आणि डबा कपाटात.

"अगं, त्यांनी काय सांगितलंय? घाल ते!" मिस्त्री ओरडले. आता ओरडणं आलंच.

"तुमचा भुंगा बंद झाला की घालते."

भुंगा दिवसभर चालायचा आणि संध्याकाळी बाई म्हणायच्या, आता राहू दे, उद्या. हा उद्या काही केल्या उजाडेना. घरात चालून आलेला बायकोचा कान मिस्त्रींचाच कॉम्प्युटर हाकलून देत होता, आणि तोही त्यांच्या डोळ्यांदेखत.

मग काय, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मांडी ठोकून बसले. आवाज आला की आवळ! वीज बंद करून डबा उघडला, आतली धूळ ब्रशनं झाडली, आणि हाताला लागेल तो स्क्रू आवळला. पंख्याचे आवळले, डिस्कचे आवळले, बाजूचा पत्रा तर असा आवळला की पुन्हा उघडायला पहिलवान लागावा. सुरू केलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्याला टेकवून मूठ कानाला लावली. मशीनच्या पोटातलं ऐकायची त्यांची ही जुनी रीत. आधी भुंगा होता, आता अख्खं पोळं झालं होतं.

बरं, मंत्राचा दुसरा भाग होताच. पंख्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. एक थेंब पुरला असता, पण हात मिस्त्रीचा, सढळ. चार दिवस पंखा शहाण्यासारखा वागला. मग तेलात धूळ बसून चिखल झाला आणि पंखा रडू लागला. शेवटी मिस्त्रींनी वैतागून डब्यावर गोधडी टाकली. डबा तापून बंद पडला आणि अर्धं काढलेलं बदक गेलं. तेव्हा मिस्त्री जे बोलले, ते ऐकायला बाईंच्या कानात मशीन नव्हतं हेच बरं.

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं तेल प्यालेला पंखा पाहून कपाळावर हात मारला. "काका, नवाच कॉम्प्युटर घ्या. आवाज म्हणून येत नाही."

"ओरडतं म्हणून टाकून द्यायचं? मग घरातली माणसंही टाकाल एक दिवस!" मिस्त्री तडकले. दुकानदारानं मुकाट्यानं एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा काढून दिला. "हा हळू फिरून तेवढीच हवा देतो. आणि कृपा करून तेल नको."

नव्या पंख्यानं रडणं थांबलं, पण भुंगा तसाच. तपासायला मिस्त्रींनी पुन्हा डबा उघडला. तेवढ्यात फोन आला लेकीचा, त्या गडबडीत डिस्क जागेवर बसवायची राहिली. तारा जोडलेल्या, डिस्क नुसती घडी घातलेल्या फडक्यावर. त्यांनी तसाच कॉम्प्युटर सुरू केला. मिस्त्री फोनवर बोलतायत आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. बघतात तर, घोंघावणं नाही! त्यांनी डिस्कवर हलकेच तळवा ठेवला. ती आपली फिरत होती, बारीक थरथरत होती, पण ते थरथरणं फडक्यात जिरत होतं. पत्र्यापर्यंत पोचतच नव्हतं.

"नंतर बोलतो," म्हणून त्यांनी लेकीचा फोन ठेवला आणि स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. पत्र्याला आवळून आवळून त्यांनीच तर त्या थरथरीला वाट करून दिली होती! कारखान्यात मशीन हादरू नये म्हणून प्रत्येकीखाली स्वतःच्या हातानं रबर घालणारा हा माणूस, आणि घरात एवढं साधं सुचू नये? म्हणतात ना, काखेत कळसा अन् गावाला वळसा.

पण डिस्क फडक्यावर लोळत ठेवता येत नाही. मिस्त्रींनी कमरपट्ट्यात घालायचं रुंद इलॅस्टिक शोधून काढलं. वीज बंद करून त्याचे पट्टे डिस्कच्या चौकटीत आडवे ताणले, शिवून पक्के केले आणि डिस्क त्यात झोळीसारखी अलगद अडकवली. पत्र्याला कुठेच टेकू दिली नाही. पंख्याच्या स्क्रूंखाली रबरी वायसर घातले, आणि आवळले जेमतेम. हात शिवशिवत होता, तरी जेमतेम.

"काय शिवताय?" बाई बघत होत्या.

"कॉम्प्युटरला लेंगा!" मिस्त्रींनी ओरडून सांगितलं. बाईंना हसू आवरेना.

सुरू केलं तर नव्वद टक्के भुंगा मेला होता. उरलेला कुठून येतोय ते मात्र मिस्त्रींच्या कानाला लागेना, आणि ज्या कानाला लागला असता त्याचं मशीन कपाटात. तेव्हा बाईच उठून आल्या. कानात काही न घालता त्यांनी स्टँडच्या फळीवर पालथा पंजा ठेवला. डोळे मिटले. पंजा सरकवत सरकवत कडेला नेला, मग फळीखाली.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. "या खणात काय भरलंय?"

खणात मिस्त्रींचा सगळा जन्म भरला होता. बॉबिनी, सुया, स्क्रू, कारखान्यातून निरोप घेताना उचललेले भंगार तुकडे, सगळं एका पत्र्याच्या डब्यात. डबा खणाला लागून थरथरत होता आणि पोकळ खण त्याला साथ देत होता. बाईंनी तो डबा उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. मिस्त्रींनी कॉम्प्युटरचा डबा स्टँडवरून उतरवून जमिनीवर ठेवला, स्क्रीन तेवढी वरच राहू दिली, डब्याखाली जाड लोकरी नमद्याचे तुकडे घातले, हवा जायची जागा मोकळी ठेवली. बाईंनी पुन्हा पंजा टेकवला. फळीला, मग पत्र्याला.

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि कपाटाकडे गेल्या.

कानातलं घालून त्या नेहमीच्या जागी, मिस्त्रींच्या मागे, भाजी निवडायला बसल्या. ऐकू येतंय का, हे मिस्त्रींनी विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाली तर? ते आपले गेलेलं बदक पुन्हा काढायला लागले. काम रंगलं तसा पाय पायडलवर गेला आणि तोंडही सुरू झालं. "चोच जरा बारीक हवी... सकाळच्या भाजीत मीठ जास्त होतं, जाऊ दे, ओरडून काय सांगायचं... बोटं सुजतात हिची, दाखवायला न्यायला हवं. ऐकायची नाही..."

"मीठ जास्त होतं तर तेव्हाच सांगायचं."

मिस्त्रींचा पाय थांबला. खुर्ची फिरवायचंही त्यांना सुधरेना.

"ऐकू आलं तुला?"

"आलं की. रोज बोलता असं?"

"रोज," मिस्त्री म्हणाले.

बाई भाजीच्या देठांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरगी गेली त्या संध्याकाळी माझ्यामागे उभं राहून काहीतरी बोललात. खिडकीच्या काचेत मला तुमचे ओठ हललेले दिसले होते. विचारलं नाही. म्हटलं, तुम्हाला ओरडून सांगावं लागेल."

मिस्त्रींनी खुर्ची फिरवली.

"म्हटलं होतं, मलाही घर खायला उठलंय. पण तू आहेस ना."

बाईंनी कानाशी हात नेऊन तसाच धरला.

"परत म्हणा."

ऐकू गेलं नाही वाटून मिस्त्रींनी छाती भरून घेतली आणि सवयीनं आवाज चढवला, "म्हटलं, मलाही घर—"

"ओरडू नका," बाई म्हणाल्या. "ऐकू आलंय मला. परत म्हणा."