तलवारीचा हात

आमची धाकटी डावखुरी. लहानपणी तिला डावं-उजवं काही केल्या कळत नसे. "लिहितेस तो हात उजवा," असं आई शिकवायची आणि ही लिहायची डाव्याने, मग डोक्यात उजेड पडणार कसा? शेवटी अक्कल आली ती व्हिडिओ गेममुळे. ती नऊ वर्षांची असताना मामाने एक साहसाचा गेम आणून दिला. त्यातला वीर निघाला डावखुरा. "तलवारीचा हात तो डावा," हे तिने जे पाठ केलं ते कायमचं. पुढे त्या मालिकेचे अकरा भाग आले, धाकटी चाळिशीला टेकली, पण एकही भाग तिने सोडला नाही. मी नावं ठेवायची तेवढी ठेवली, पण ऐकतंय कोण?

ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. फोटो घेताना कडेला शिशाचं एक छोटं अक्षर ठेवायचं असतं, डावी बाजू कुठली आणि उजवी कुठली हे कळावं म्हणून. अठरा वर्षांत तिचं अक्षर कधी चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती कामावरून येऊन गेम लावून बसली होती. जुन्याच चौथ्या भागाची ही नवी आवृत्ती. बहुतेक लोक उजव्या हाताचे, म्हणून कंपनीने वीराची तलवार उजव्या हातात दिली होती आणि त्यापायी सगळं जगच आरशात दिसावं तसं उलटं करून टाकलं होतं. पंधरा दिवस धाकटी पाठ असलेल्या रस्त्यांवर चुकत होती आणि माझ्यावर चिडत होती.

"झाली बाई एकदाची सवय," असं ती म्हणाली आणि तिने एकदम गेम बंद केला. चेहरा पांढराफटक.

"ताई, आज सकाळी एका आजोबांचे गुडघे काढले. दोन्ही एकाच फोटोत. अक्षर कुठल्या बाजूला ठेवलं मी?"

"मला काय विचारतेस?"

"उद्या सकाळी त्यांचं ऑपरेशन आहे. जास्त झिजलेला गुडघा बदलणार. कुठला, ते फोटोवरून ठरलंय."

डॉक्टर फोन उचलेनात, तशा आम्ही दोघी निघालो. वाटेत ती सारखी दोन्ही हात पुढे धरून बघत होती. "तरी सांगत होते," हे ओठांवर आलेलं मी गिळलं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण म्हाताऱ्याचा चांगला गुडघा कापला तर तो कुठून आणायचा?

डॉक्टर हॉस्पिटलच्या जिन्यातच भेटले. धाकटीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"म्हणजे नक्की चुकलंय का?"

"माहीत नाही, सर. म्हणून तर आले."

"पुन्हा काढा. माझ्यासमोर."

आजोबा निवृत्त पोस्टमन. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर दुपारीच पेनाने बाण काढून ठेवला होता. त्यांना उभं करून धाकटीने विचारलं, "आजोबा, सही कुठल्या हाताने करता?"

"उजव्या."

"तो वर धरा."

मग तिने अक्षर ठेवलं. डॉक्टरांना दाखवलं, मला दाखवलं आणि मगच फोटो काढला.

दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी लावले. झिजलेला गुडघा दोन्हींत एकाच बाजूला होता, अक्षर मात्र दुसऱ्या बाजूला. सकाळचं चुकलं होतं. धाकटी कापूस आणि स्पिरिट घेऊन आजोबांच्या पायाशी बसली आणि बाण पुसायला लागली.

"मला वाटतच होतं," आजोबा म्हणाले. "माझा उजवाच जास्त दुखतो."

"मग बोलला का नाहीत हो?" तिला रडू फुटलं.

"फोटोत डावा आलाय म्हणाले. फोटोला माझ्यापेक्षा जास्त कळणार ना, पोरी? दुपारपासून पडल्या पडल्या डावा कुठे दुखतोय ते शोधत होतो. थोडा थोडा दुखायलाही लागला होता."