निजायला कुठे?

नववीच्या वर्गाकडून 'बेघर माणसे आणि आपण' हा उपक्रम करून घ्यायचा, असं वरून आलं तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आमची शाळा कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला. मुलांचे वडील कुणी साजगावच्या कारखान्यात, कुणी मुंबईला कामाला. घरची थोडीफार शेती, प्रत्येकाला ओटी, मागे परस, परसात शेवगा. या मुलांना बेघर म्हणजे काय ते शिकवायचं होतं. मी फळ्यावर व्याख्या लिहिली आणि मुलांनी ती निमूटपणे उतरवून घेतली.

"बेघर माणसं कुठे असतात?" मी विचारलं.

"मुंबईत," अख्खा वर्ग म्हणाला.

"कर्जत स्टेशनवर पण हायेत, मॅडम," मागच्या बाकावरून एकाने भर घातली.

"आणि आपल्या गावात?"

"नाय मॅडम. आपल्याकडं कुणी नाय."

या 'नाय'मध्ये चांगलाच अभिमान होता. मी म्हटलं, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी सगळे विचारून आले, आणि सगळ्यांच्या घरून तेच उत्तर आलं होतं. मग मुलांनी टुमणं लावलं की मुंबईला सहल न्या, तिथले बेघर बघू. प्राणिसंग्रहालय बघायला निघाल्यासारखी ती मला दिसायला लागली आणि मी चिडले. माझं चिडणं वर्गाला नवं नाही. सगळ्यांनी खाली मान घालून वह्या उघडल्या.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ही एरवी हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात बोलणारी.

"मॅडम, आजी धरायची का?"

कुठली आजी, हे विचारायची गरज नव्हती. गावात आजी एकच होती. बाळंतिणीला न्हाऊ घालायला आजी, लग्नघरी तांदूळ निवडायला आजी, वाल सोलायला आजी. उंच, वाळकी, कमरेत किंचित वाकलेली, आणि सतत कुठून तरी कुठे तरी निघालेली. ज्या घरी काम त्या घरी जेवण. मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. विचारणारी मुलगी तिच्या पुतण्याची लेक.

"ती कशी बेघर?" वर्ग उसळला. "तिला सगळं गाव हाय."

"ठीक आहे," मी म्हटलं, "मग ती निजते कुठे?"

"खालच्या आळीत," एक मुलगा म्हणाला. खालच्या आळीतला म्हणाला, "नाय, आमच्याकडं नाय, वरच्या आळीत." वरच्या आळीतली मुलगी म्हणाली, देवळामागच्या घरी. देवळामागच्या घरचा मुलगा पुतण्याच्या मुलीकडे बघायला लागला. ती म्हणाली, "आमच्याकडं व्हती आधी. बाबांनी मागल्या खोल्या कारखान्याच्या लोकांना भाड्यानं दिल्या ना, तवापासून बोलली, खालच्या आळीत निजते."

शनिवारी शाळा लवकर सुटली तशी मुलं घरोघर गेली. मीही बरोबर होते. प्रत्येक घरात आजीविषयी माया होती, त्यात खोट नव्हती. "आवं, कालच जेवून गेली," असं सांगायचे. आणि निजायला? पुढच्या घराकडे बोट. असं बोट दाखवत दाखवत अख्खं गाव फिरून आम्ही परत शाळेच्या फाटकाशी आलो. आमच्याकडे कुणाला जेवायला विचारलं नाही तर घराची अब्रू जाते. पण जेवून उठलेल्या माणसाला, आता तू कुठे जाणार, हे विचारणं म्हणजे त्याला उठवून लावणं, असं मानतात. म्हणून कुणीच विचारलं नव्हतं. गाव वाईट नव्हतं, फार भिडस्त होतं.

शाळेच्या मागच्या पडवीत मोडक्या बाकांचा ढीग आहे. त्यामागे मुलांना एक गोधडी सापडली, नीट घडी घातलेली, आणि एक तांब्या. काखेत कळसा म्हणतात तो असा. पुतण्याची मुलगी गोधडीजवळ बसली आणि रडायला लागली, तर दुसरीने तिला ओढून उभं केलं.

मुलांना घरी पाठवून मी संध्याकाळपर्यंत तिथे बसले. दिवस थंडीचे, खाचरांत भात निघून गेल्यावर पेरलेला वाल हिरवा झालेला. अंधार पडताना आजी आली, मला बघून थांबली, आणि काही झालंच नाही अशा थाटात माझ्याशेजारी बसली.

"पोरांनी शोधलं ना?" ती म्हणाली. "कुणाला सांगू नको गं बाय. गावाचं नाव खराब व्हईल."

"गावाचं नाव गेलं खड्ड्यात, मावशी. थंडी केवढी पडलीय."

"थंडी काय, पडतेच."

पुतण्याबद्दल ती एक शब्द वाकडा बोलली नाही. पावसात कुडाचं घर बसलं, पुतण्याने नेलं, पुढे त्याच्या खोल्या भाड्याने गेल्या, जागा कमी पडायला लागली. "त्यानं जा नाय म्हटलं. मीच निघाले," असं म्हणून तिने गोधडी उलगडली.

सोमवारी मी मुलांना उपाय लिहायला सांगितले. सगळ्यांच्या उपायांची सुरुवात 'सरकारने' अशी होती. मी म्हटलं, सरकार हा शब्द खोडा आणि पुन्हा लिहा. आपण काय करू शकतो? पेनं थांबली. मग त्याच खिडकीजवळच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी किती खोल्या हायेत?"

"दोन आणि स्वयंपाकघर."

"कोण कोण असतं?"

शिकवणाऱ्याने प्रश्न विचारायला शिकवावं आणि मग तोंड लपवावं, हे मला जमलं नाही. मी म्हटलं, "मी एकटी." लग्न केलं नाही. त्यामागे सांगण्यासारखी कहाणी नाही, जमलं नाही इतकंच. आईवडील गेले, भाऊ पुण्याला आहे. कर्जतला दुसऱ्या मजल्यावर माझा ब्लॉक आहे आणि त्यातल्या एका खोलीत मी फक्त कपडे वाळत घालायची. हे सगळं वर्गाला सांगितलं नाही. पण मुलं माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या आठवड्यातच मी आजीला घेऊन आले. ती यायला तयार नव्हती. "थंडी सरेस्तोवर," या बोलीवर आली.

पहिल्या दिवशी तिने सगळ्या इमारतीची दारं बंद बघून विचारलं, "कोण मेलं गं?" मी म्हटलं, इथे असंच असतं. तिने दुसऱ्या दिवशीपासून सकाळभर आमचं दार सताड उघडं ठेवलं आणि उंबऱ्यात सूप घेऊन बसायला लागली. भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसायची. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंशी माझी इतकी वर्षं मान हलवण्यापुरती ओळख होती. त्यांची सून बाळंतीण आहे हे मला आजीकडून कळलं. आठवडाभरात आजी त्या बाळाला न्हाऊ घालायला लागली होती. मी शाळेतून येई तेव्हा जिन्यात हिंगाचा, तेलाचा, बाळाच्या धुरीचा वास असे. मी एकटी जेवताना वर्तमानपत्र समोर धरायची, ते बंद झालं, कारण आजी जेवताना गोष्टी सांगायची. त्यातल्या निम्म्या चहाड्या असत. मला फार मजा यायची. मुलांच्या चाचणीच्या पेपरांत पुतण्याच्या मुलीला किती मिळाले, हेही ती काढून घ्यायची.

इकडे वर्गाला चेव चढला होता. बालसभेत मुलांनी विषय मांडला. घरकुलाचा अर्ज ग्रामपंचायतीत गेला, तेव्हा यादीत नाव यायचं तेव्हा येईल असं उत्तर मिळालं. शिवाय घरकुलाला जागा हवी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी मुलांना समजावलं, वेळ लागतो, धीर धरा. हे सांगताना माझ्या आवाजात जरा जास्तच समजूतदारपणा आहे, हे मला स्वतःला ऐकू येत होतं. लागू दे की वेळ, असं मला आतून वाटत होतं.

पण पुतण्याच्या मुलीने घरी तोंड उघडलं. जेवताना वडिलांना विचारलं, आजीचं घर होतं ती जागा कुणाची? तो म्हणाला, "चुलतीची. नाय कोण म्हणतंय?" त्या जागेवर त्याचा टेंपो उभा असायचा. दुसऱ्या दिवशी टेंपो हलला. मग गावाला एकदम जाग आली. खोल्यांच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा पुतण्याने दिल्या. खालच्या आळीने पत्रे दिले, वरच्या आळीतल्या गवंड्याने रविवारी फुकट हात लावला. मुलांनी विटा वाहिल्या, पाणी मारलं आणि विटा कमी नि गप्पा जास्त म्हणून शिव्याही खाल्ल्या. शिमग्याला भिंती उभ्या राहिल्या होत्या. मी मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले आणि शाबासकी दिली. शाबासकी खरी होती. आणि घरी जाताना रिक्षात मी आजीचे माझ्याकडचे किती दिवस उरले ते मोजत होते, तेही खरं होतं. मला ती जायला नको होती. मी जे शिकवत होते ते मुलं शिकली होती, आणि त्याचा मला त्रास होत होता.

थंडी कधीच सरली होती. आजीने निघायची गोष्ट काढली नाही, मीही बोलीची आठवण करून दिली नाही. दोघी उकाड्यात पंखा लावून बसायचो आणि अजून पहाटे गारवा असतो असं एकमेकींना सांगायचो.

गुढीपाडव्याला घरात शिरायचं ठरलं. एकच खोली, पुढे वीतभर ओटा, मागे न्हाणी. सगळा वर्ग आला होता. नव्या चुलीवर दूध उतू जाऊ दिलं, पुतण्याच्या बायकोने आजीच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग आजीनेच तिचा हात धरून हळद तेवढी लावून घेतली. पुतण्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. आजीने त्याला पहिला पेढा दिला. मुलं आत-बाहेर पळत होती. उपक्रमाच्या शेवटी काय लिहायचं असं एकीने मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, उद्या बघू.

ऊन उतरलं तशी माणसं पांगली. मला कर्जतची रिक्षा धरायची होती. आजी मला सोडायला ओट्यापर्यंत आली. मी तिच्या सामानाची पिशवी आत ठेवली होती, ती पुन्हा एकदा बघून आले, पाण्याचा हंडा झाकला आहे ना ते बघितलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

"मावशी," मी म्हटलं, "राहिला असतात माझ्याकडे, तर मला बरं वाटलं असतं."

इतकं मी कुणाला कधी मागितलं नव्हतं. ती खाली ओट्यावर बसली, मलाही बसवलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "ह्यो पुतण्या माघातच न्यायला आलता. तू शाळेत व्हतीस. बोलला, घर व्हईस्तोवर चल, मी एक खोली रिकामी केलीय. मी नाय बोलले. म्हटलं, बाई एकटी हाय."

इतके दिवस मी तिला आसरा दिला, असं मी धरून चालले होते. शाळेतही सगळे तसंच म्हणायचे.

"मग आता का चाललात?"

"आता माजं घर झालं ना गं बाय," ती म्हणाली, अगदी सरळ. माझा हात तिने तिच्या खरखरीत हातात थोडा वेळ धरला आणि सोडला. "जा आता. रिक्षा जाईल."

फाट्यावर रिक्षा भरायला वेळ लागला. रस्त्याचा उतार, मग वाटेतली कुलपं लावलेली फार्महाऊसं, मग कर्जत. जिन्यात आज कसलाच वास नव्हता. समोरच्यांचं दार लावलेलं होतं, आत बाळ रडत होतं. गेले काही महिने मी आले की दार आतून उघडायचं, त्यामुळे मी पर्समध्ये हात न घालता सवयीने बेल वाजवली. आतल्या रिकाम्या खोल्यांत ती वाजलेली मला ऐकू आली, आणि तरी मी थोडा वेळ दाराशी थांबले.