आपला सिद्राम

समस्त सोलापूरकरांनो, कलेच्या आश्रयदात्यांनो, आणि कसलाही आश्रय न देता पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनो — कान द्या. एक अत्यंत गंभीर निवेदन होणार आहे. निवेदन करणारा इसम चादरी-टॉवेलांचा दुकानदार असून शहरात मोठा रसिक म्हणून ओळखला जातो. ही ओळख त्यानं स्वतःच पसरवलेली आहे.

झालं. आता खुर्ची जरा जवळ ओढा. कारण पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी काय सांगत नाही? गिऱ्हाइकाच्या चपलेचा रंगसुद्धा सांगतो.

सिद्राम हलगी वाजवायचा. म्हणजे अजूनही वाजवतो, वरातीत. हलगी आपल्याकडं ऐकतं कोण? तिच्यावर नाचायचं, तिच्यामागून चालायचं, आणि जेवायची वेळ झाली की ती थांबवायची. सिद्रामचा बाप जन्मभर असाच मांडवाबाहेर उभा राहून वाजवत आला. पण सिद्राम एकट्या हलगीवर तासभर माणसं धरून ठेवायचा. नाच नाही, वरात नाही — नुसतं बसून ऐकायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हे खरं आहे. एवढं एक खरं राहू द्या.

मग आम्ही रसिक जमलो. एक दातांचे डॉक्टर, एक प्राध्यापक, एक बिल्डर, आणखी असेच काही, आणि मी. कलावंताला मधले लोक लुटतात, तेव्हा चाहत्यांनीच थेट पैसे घालावेत असं ठरलं. देणगी म्हणायचं नाही हं — गुंतवणूक. त्यातून सिद्रामचं रेकॉर्डिंग करायचं, त्याला चांगल्या मंचावर बसवायचं, आणि पुढं जे मिळेल त्यात ज्याचा त्याचा वाटा. व्हॉट्सॲपवर गट निघाला. नाव — ‘आपला सिद्राम’. यातला पहिला शब्द जरा नीट बघा.

कारण पैसे भरून महिना होतो न होतो तोच डॉक्टरांनी नवा दवाखाना उघडला. हलगी कुणाची? प्राध्यापकांच्या नातवाचं बारसं. हलगी कुणाची? बिल्डरनं तर बोअरला पाणी लागलं म्हणून त्याला भर उन्हात उभा केला. "आपलाच हाय की," म्हणायचा. बिदागी? वाटेकऱ्यांनी कधी बिदागी दिलीय? टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल माझ्या दुकानातले. त्याचे पैसे मात्र मी रोख घेत होतो. या मंडळींना मी मनातल्या मनात किती हसलो आहे म्हणून सांगू? म्हैस घ्यावी तसा यांनी माणूस घेतला होता, आणि दोन्ही वेळची धार काढत होते. वर स्वतःला रसिक म्हणवत होते.

सिद्राम नाही म्हणत नसे. एकदा दुकानात चहा पिता पिता तेवढं बोलला, "अण्णा, एकदा तरी अशा जागी वाजवायचंय, जितं मागं पंगत न्हाय."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असे हात मी फार छान ठेवतो.

रेकॉर्डिंग आम्ही पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवलं होतं. त्यावर फोन नंबर माझा. एके दिवशी फोन आला — एक कलाकार गळालाय, येत्या रविवारी संध्याकाळचा मंच मोकळा आहे, तुमचे हलगीवादक येतील का? एकटे. पूर्ण एक तास.

त्या रविवारी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. व्याही बार्शीचे, धान्याचे आडते, मोठी माणसं. आणि त्यांना मी आधीच सांगून बसलो होतो की आमच्याकडं बँजो पार्टी नसते, आमचा स्वतःचा कलावंत आहे. स्वतःचा. डॉक्टरांना आणि बिल्डरला हसणारा तो मीच ना?

विचार करायला मला किती वेळ लागला असेल? हातात टॉवेल होता. त्याची घडी पुरी व्हायच्या आत मी म्हणालो, "त्याच्या हाताला लागलंय हो. प्लॅस्टर आहे." प्लॅस्टरचं कुणी विचारलं होतं? ते मी पदरचं घातलं. आवाजही जरा ओला केला. काळजी घ्या त्यांची, असं पलीकडून म्हणाले. पुन्हा कधी फोन आला नाही. त्यांना कलावंतांना काय तोटा?

सिद्रामला सांगितलं — पुण्याचं यंदा जमत नाही म्हणतात. तो म्हणाला, "असू द्या अण्णा. तुमी हाय की."

साखरपुड्याला तो पुण्यासाठी शिवून ठेवलेला झब्बा घालून आला. हलगीचं कातडं ताणायला ती शेकावी लागते; विस्तव कुठला? आचाऱ्याच्या भट्टीपाशी, तळणाऱ्या पुऱ्यांच्या शेजारी त्यानं ती शेकली. मग खुर्ची मागून घेतली, बसला, आणि पुण्यासाठी बसवलेलं सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आधी फक्त बारीक काडी, कातड्याच्या अगदी कडेवर. इतकी हळू, की वाजतंय की भास होतोय ते कळू नये. कुणी नाचेना. वऱ्हाड एकमेकांकडं बघायला लागलं. व्याही भट्टीकडं बघत होते, मग घड्याळाकडं, मग माझ्याकडं — मालकाकडं बघावं तसं.

माझ्या अंगावर काटा आला होता. पहिल्यासारखाच. हे सांगायलाच हवं, कारण त्या मांडवात ते खरोखर ऐकणारा मी एकटाच होतो. सिद्रामचे डोळे मिटलेले होते. जाडी काडी त्यानं अजून उचललीसुद्धा नव्हती. आणि मी, माझ्याच तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो —

"सिद्राम, आवर की आता. पंगत बसायचीय."