अकासाकाचा राजवाडा आणि आईची भरलेली बाटली

जपानला माझ्याकडे आलेल्या आईचं परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं करायचं की नाही, हे दोन-तीन दिवसांत ठरवायचं होतं. दोन आठवड्यांत तिला तीनदा चक्कर आली होती, आणि तिन्ही वेळा बाहेर फिरताना. पुण्याहून दादाचा रोज फोन: "तिकडे काही झालं तर तू एकटी काय करणार? पाठवून दे तिला." डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. आई साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "जायचंच असेल तर तो अकासाकाचा राजवाडा बघून जाते." म्हणून शनिवारी निघालो.

आम्ही राहतो त्या निशी-कसाईहून तोझाई लाइनने इइदाबाशी, तिथे गाडी बदलून योत्सुया. स्टेशनपासून राजवाड्याच्या पश्चिम दारापर्यंत सावकाश दहा मिनिटं. जाणार असाल तर आधी संकेतस्थळ बघाच, कारण सरकारचे परदेशी पाहुणे तिथे उतरले की तुम्हाआम्हाला प्रवेश बंद. इमारत आणि बाग मिळून माणशी दीड हजार येन पडले. सप्टेंबर असूनही उकाडा भयंकर होता. मी दर पाच मिनिटांनी "पाणी पी" म्हणत होते आणि आई बाटली तोंडाला लावत होती.

दारात बॅगा तपासतात. तिथल्या वयस्कर रक्षकाने आईच्या बॅगेतली बाटली काढून तिला अदबीने खूण केली, एक घोट प्या. आत पाणीच आहे याची खात्री करायची ही इथली पद्धत.

"मला तहान नाही," आई म्हणाली.

"आई, घोटभर. सगळ्यांनाच सांगतात."

"मग तू पी."

मी बाटली घेतली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती, मी सकाळी भरली तश्शी. मागे रांग होती, म्हणून मी घोट घेतला आणि आईला बाजूच्या बाकावर नेलं.

"तू सकाळपासून काहीच प्यायली नाहीस?"

"बाहेर पडल्यावर नाही पीत मी." मग माझ्याकडे न बघता तिने सांगून टाकलं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी एका मोठ्या दुकानाच्या स्वच्छतागृहात तिने फ्लशचं समजून मदतीचं बटण दाबलं होतं. बाहेर घंटा वाजली, दोन मुली आणि एक रक्षक धावत आले, दार ठोठावू लागले. "मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. तेव्हापासून ठरवलं, प्यायलाच नको आणि जायलाच नको."

मला आधी राग आला, मग रडू आलं. मी तिच्या गोळ्या मोजत होते, भाजीतलं मीठ कमी करत होते, रात्री तिचा श्वास ऐकत होते. आणि ही बाई उन्हात तहानलेली हिंडत होती. आजार नसावा, नुसतं पाणी असावं, या विचारानेच अंगातलं ओझं उतरलं.

तिला तिथल्याच स्वच्छतागृहात नेऊन सगळी बटणं समजावली. तिने पर्समधली डायरी काढून भूमितीच्या आकृत्यांसारखी ती काढून घेतली आणि खाली मराठीत नावं लिहिली. "हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं," मला बोलणीही बसली. मग बाकावर बसून अर्धी बाटली संपवली.

राजवाडा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी युवराजांसाठी बांधलेला, थेट युरोपातल्या बरोक थाटाचा. संगमरवरी जिना, सोन्याचा मुलामा, छताएवढाली झुंबरं. पण छपरावर बघा, चिलखत घातलेले जपानी योद्धे उभे आहेत. आत फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे माणसं खरंच बघतात. मेजवानीच्या दालनात भिंतीवर मीनाकारीत फुलं आणि पाखरं आहेत, तिथे आई सगळ्यात जास्त रेंगाळली. चक्कर आली नाही. मागच्या बागेत कारंज्यापाशी तिने उरलेली बाटली संपवली, आणि थोड्या वेळाने "आलेच" म्हणून डायरी घेऊन एकटीच गेली. मी बाहेर जीव मुठीत धरून उभी होते. घंटा वाजली नाही.

परतताना गल्लीतल्या दुकानात माशाच्या आकाराचा गरम तायाकी खाल्ला. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण असतं. आईच्या मते वेलची हवी होती. जवळच्या सुगा देवळाचा लांबलचक जिनाही ती कठड्याला धरून चढली.

सोमवारी डॉक्टरांनी रक्त, रक्तदाब, हृदयाचा आलेख, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं, पाणी वाढवा म्हणाले. दादाचा फोन आईनेच घेतला. "मी ठरल्या तारखेलाच येणार," एवढंच सांगितलं. कारण सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. (दादा ब्लॉग वाचत नाही.)

घरी चहा पिताना मी म्हटलं, "एका बटणापायी केवढा घोर लावलास."

"बटणाचं निमित्त गं," ती म्हणाली. "आमच्या शाळेत बायकांसाठी सोयच नव्हती. तीस वर्षं मी घरी येऊनच पाणी प्यायले. सवय होती, म्हणून जमलं."

तेव्हा मला आठवलं. संध्याकाळी आई शाळेतून यायची ती खांद्यावरची पर्सही न काढता थेट माठाकडे, आणि उभ्या उभ्या दोन तांबे घटाघटा रिकामे करायची. दादा आणि मी मागे उभे राहून तिची नक्कल करायचो.