शब्बाथच्या सकाळी वाजलेला कप

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. माझं माहेर आंबिवलीचं. शाळेची वाट स्मशानावरून जायची. चौथीपर्यंत रोज त्याच वाटेने गेले, कधी काही दिसलं नाही. उतारा, अंगारा यांतही मन कधी रमलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते... सून एक मासिक आणते, त्यात लोक असले अनुभव पाठवतात. मी पाठवेन असं नाही. पण एकदा लिहून तरी बघते.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. आम्ही ठाण्याला नौपाड्यात चाळीत राहायचो. आमची खोली आणि शेजारची खोली यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत. पलीकडे लेआमावशी. त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे यहुदी लोक. मावशीचे यजमान केव्हाच गेले होते. एकुलती मुलगी नोमी इस्रायलला जाऊन राहिली होती.

शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, आणि दुसऱ्याला “पेटव” असंही सांगायचं नाही. मग मावशी रिकामा कप बशीवर वाजवायची. दोनदा, आणि जरा थांबून एकदा. फळ्यांतून आवाज आला की मी जायची.

“अगं, तू कशी काय आलीस? मी सांगितलं नव्हतं हं तुला!”

“चहा ठेवते, मावशी.”

“तुझ्यासाठी ठेव. उरला तर बघू.”

मी दोघींपुरता ठेवायची, त्यामुळे तो उरायचाच. बाहेर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण मावशीपाशी मी बोलायची. एकदा म्हटलं, “तुमच्या देवाला हे कळत नसेल होय?”

“न कळायला काय झालं? कळतंय, म्हणूनच गप्प बसलाय. गवती चहा टाकलास का?”

अशी होती मावशी. हवं ते सरळ कधी मागितलं नाही.

एका सोमवारी ती झोपेतच गेली. त्यांच्यात दफन लगेच उरकतात. नोमीताई पोचली ती गुरुवारी. आल्या आल्या तिने काय विचारलं असेल... “आई माझं नाव काढायची का?” सगळे म्हणाले, “हो तर!” पण अशा वेळी लोक तसंच म्हणतात, हे तिलाही ठाऊक होतं. ती देश सोडून गेली तेव्हा मावशी रागाने दारापर्यंतही आली नव्हती. तो राग गेला की तसाच राहिला, एवढंच तिला हवं होतं.

मावशीचे दीर, बेंजामिनकाका, सुतकाचे सात दिवस त्या घरात होते. आरशावर चादर टाकली होती. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात... ती रात्रंदिवस जळत होती. मी जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा काका नोमीताईला समजावत होते.

“हे बघ. ज्योतीचा खालचा निळा भाग दिसतो? वातीला चिकटलेला. माणसाचा नेफेश तसा. देहाला, घराला, रोजच्या सवयींना धरून असतो. वरचा पिवळा भाग म्हणजे रुआख, माणसाची माया, राग, स्वभाव. आणि त्याच्याही वर हात धर. दिसत काही नाही, पण ऊब लागते ना? ती नेशामा. ती केव्हाच देवाकडे गेली. नेफेश मात्र सात दिवस घरात घुटमळतो, बाई.”

“मग मला काहीच का कळत नाही, काका?”

काका पेल्यात तेल घालत राहिले.

शनिवार उजाडला. मी तांदूळ निवडत होते. भिंतीपलीकडे कप वाजला. दोनदा... आणि जरा थांबून एकदा.

मी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि निघाले. अंगवळणीच पडलं होतं. मावशी आता नाही, हे मला आठवलं ते त्यांच्या उंबऱ्यावर.

काका आणि पाहुणे प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये गेले होते. घरात नोमीताई एकटी. शब्बाथला दुःख उघड पाळत नाहीत, म्हणून ती त्या दिवशी जमिनीवर न बसता खाटेवर बसली होती, दिव्याकडे बघत. हात मांडीवर. आणि मावशीचा कप वरच्या फळीवर बशीत पालथा. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून फुटू नये म्हणून मीच तो तिथे ठेवला होता. बशीवर धूळ बसायला लागली होती.

“काही वाजलं का हो इथे?” मी विचारलं.

“नाही गं. मी केव्हाची बसल्ये इथे. काय वाजणार?”

मी पुन्हा वरच्या फळीकडे बघितलं. “काही नाही... मांजर असेल.”

“तू कशी काय आलीस? मी सांगितलं नव्हतं तुला.”

शब्द तेच. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, “चहा ठेवते. माझ्यासाठीच. उरला तर घ्या.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. “आई शेजारणीला असंच सांगायची... मी लहान असताना.” मी स्टोव्ह पेटवला. गवती चहा टाकला. तिने दोन्ही हातांत पेला धरून चहा प्यायला आणि विचारलं, “सुमनवहिनी, ती माझ्यावर रागावलेलीच गेली का गं?”

तेव्हा सांगायला हवं होतं. पण कसं सांगू? पोटची पोर समोर डोळे लावून बसलेली, आणि हाक आली ती शेजारणीला. मला ते चोरीसारखं वाटलं. तिच्या वाट्याचं मी उचलल्यासारखं. मी नुसती मान हलवली. हो की नाही, तेही तिला कळलं नसेल.

सात दिवस संपल्यावर ती परत गेली. मी तिची पिशवी रिक्षापर्यंत नेली. बसताना म्हणाली, “आई काही आली नाही गं माझ्याकडे.” मी पिशवी तिच्या पायाशी सरकवली. रिक्षा गेली.

पुढे ती परत आली नाही. काका गेले, आम्ही डोंबिवलीला आलो. कप कसा वाजला, दुसऱ्या कुणाला का ऐकू आला नाही, मला आजही सांगता येत नाही. पण बऱ्याच वर्षांनी, एकदा चहा गाळताना, हात थांबला. मावशी मला “तुझ्यासाठी ठेव” म्हणायची तेव्हा चहा कुणाला हवा असायचा? मग त्या सकाळी कप मला ऐकू आला, म्हणून तो माझ्यासाठी होता, असं मी का धरून चालले? चहा तर नोमीताईने प्यायला होता.

आमच्या इथल्या भिंती पक्क्या विटांच्या आहेत. तरी शनिवारी सकाळी मी लगेच गॅस पेटवत नाही. थोडा वेळ बसते. अजून एकदा वाजला, तर या वेळी नोमीताईला सांगेन.